चाऱ्यावरचा भरवसा

नागपूरच्या आसपासच्या कुठल्याही तलावाच्या पाळीवर रविवारी सकाळी जा आणि गळ टाकून बसलेल्यांना विचारा, चारा कोणता चांगला. एक जण शेंगदाण्याच्या ढेपीचं नाव घेईल. दुसरा गांडुळाशिवाय कशालाच मानणार नाही. तिसरा मैद्यात काय कालवलंय ते सांगणारच नाही, डबा फक्त थोडा आपल्याकडे ओढून घेईल. उत्तरं तीन, पण आवाज तिघांचाही सारखाच ठाम. आणि दुपारी उठताना तिघांच्याही पिशवीत मासे असतात. एकाच पाण्यातले, एकाच सकाळचे.

या ठामपणाबद्दल मला बरीच वर्षं कुतूहल आहे. माझी नोकरी सीताबर्डीला आणि रविवार पाण्यावर. रॉड कोणता, रील कुठल्या कंपनीचं, तंगूस किती जाडीचा, यावरून आमच्यात फारसे वाद होत नाहीत. चाऱ्यावरून होतात, आणि ते मिटत नाहीत. कारण चारा ही प्रत्येकाची स्वतःची गोष्ट असते, घरी कालवलेली, कोणीतरी हातात हात धरून शिकवलेली, एखाद्या मोठ्या माशाने एकदा खरी करून दाखवलेली. माणूस त्यावर विश्वास ठेवतो तो नुसता आवडीपोटी नाही. त्या विश्वासाचं पाण्यात खरोखर काहीतरी होतं. काय होतं आणि कुठे होतं, हे मला नीट मांडून पाहायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की हा भरवसा माशाच्या तोंडावर काहीही परिणाम करत नाही. तो गळ टाकणाऱ्याच्या हातावर करतो, आणि हा परिणाम फार मोठा असतो.

चाऱ्याला स्वतःचं बळ असतं, हे आधी कबूल करायला हवं. आपल्याकडच्या तलावांत मुख्यतः तीन मासे सोडले जातात: कतला, रोहू आणि मृगळ. कतल्याचं तोंड मोठं आणि वर वळलेलं. तो पाण्याच्या वरच्या थरात फिरत सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहू मधल्या थरातला, त्याच्या ओठांना बारीक झालर असते. मृगळाचं तोंड खाली झुकलेलं, तो तळाशी चिखलात चरतो. म्हणजे घट्ट गोळा शिसं लावून तळाला बसवला आणि कतल्याची वाट पाहिली, तर तिथे भरवसा कितीही असो, फार काही हाती लागणार नाही. कतल्यासाठी चारा सैल हवा, पाण्यात धुक्यासारखा पसरत जाणारा.

या तिन्ही माशांच्या जबड्यात दात नसतात, दात असतात घशात. त्यामुळे ते चारा तोडत नाहीत, पाण्याबरोबर ओढून घेतात आणि पटलं नाही तर तसाच फुंकून टाकतात. त्यांना जठरही नसतं. एकदा पोटभर खाऊन स्वस्थ बसणं त्यांच्या शरीरात नाही, थोडं थोडं दिवसभर चरत राहणं आहे. ही एक गोष्ट नीट समजली की गळ टाकण्यातल्या अनेक रीतींचा उलगडा होतो, आणि पुढे ती लागणारच आहे.

शिंगाळ्याचं आणि मांगुराचं वेगळं. त्यांच्या मिशांवर, इतकंच काय अंगाच्या कातडीवरही चव कळणारे कण असतात. काळोखात, गढूळ पाण्यात ते अंगाने चव घेत फिरतात. त्यांना रंग दाखवायचा प्रश्नच नाही. आणि वासाबद्दल एक साधी गोष्ट लोक विसरतात: माशाला वास येतो तो पाण्यात विरघळलेल्या वस्तूचा. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. ढेप आंबवली की तिच्यातली प्रथिनं फुटून अमिनो आम्लं मोकळी होतात, ती पाण्यात सहज विरघळतात आणि माशाच्या नाकाला ती नेमकी ओळखू येतात. म्हणून आपल्याला नकोशी वाटणारी आंबट ढेप माशाला जेवणाचं बोलावणं वाटते. बडीशेप, वेलची, हिंग घालणारे पुष्कळ आहेत. माझा अंदाज असा, की त्यातला बराचसा वास कालवणाऱ्याच्या मनाला बळ देण्यासाठी असतो. मनाला बळ देणं हे क्षुल्लक काम आहे असं मात्र मी म्हणत नाही.

ऋतूचंही तसंच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, मासा भर दुपारी उथळात येत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान 10 च्या खाली उतरतं तेव्हा थंड रक्ताच्या माशाची भूकच मंदावते, तिथे मोठा गोळा नाही, हरभऱ्याएवढा चारा लागतो. हे सगळं शिकण्यासारखं आहे आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याचा ठामपणा पोकळ आहे.

पण हे सगळं ठाऊक असलेली दोन माणसं शेजारी बसतात, एकाच डब्यातला चारा लावतात, एकाच खोलीवर टाकतात, आणि तरी एकाला मासा लागतो, दुसऱ्याला लागत नाही. असं वारंवार होतं तेव्हा नशीब म्हणून सोडून देता येत नाही. मला जे सांगायचंय ते या दोन माणसांच्या मधल्या जागेत आहे.

रामटेकच्या खिंडसी तलावावर मला एक काकाजी भेटत. रेल्वेतून निवृत्त झालेले, डोक्याला गमछा, जुनी सायकल, आणि झाकणाला दोरी बांधलेला एकच डबा. कणीक, शेंगदाण्याची ढेप आणि रात्रीचा भात एकत्र आंबवलेला. कधी दुसरा डबा पाहिला नाही. ते आल्यावर लगेच गळ टाकत नसत. आधी चाऱ्याचे लहान लहान गोळे एकाच जागी टाकत, पाण्यातल्या एका खुंटाच्या डाव्या अंगाला, हात न चुकता. मग बसत, सुपारी कातरत. मग गळ. आणि एकदा गळ पाण्यात गेला की तो बाहेर यायचा तो माशासकट किंवा चारा विरघळण्याची वेळ झाल्यावरच.

सुरुवातीला त्यांच्या शेजारी बसून मी घडीघडी गळ काढून पाहायचो, चारा आहे की गेला. एकदा त्यांनी माझ्याकडे न पाहताच म्हटलं, “काहून काढून पाह्यतं घडीघडी? गरी पाण्यात हाय, मासोई पाण्यात हाय. तू कायले मधात येतं?”

मी ते वाक्य आजही गळ टाकताना मनात म्हणतो. गळ बाहेर काढला की नेमकं काय होतं ते पाहा. चरणारा मासा एका जागी येतो तो तिथे कण पडत राहतात म्हणून. तुमचा गोळा तिथे हळूहळू विरघळतोय, कण सोडतोय, आजूबाजूच्या माशांना ती जागा ओळखीची होतेय. तुम्ही दहा मिनिटांनी गळ ओढला, शिसं तळावरून घासत आलं, नवा चारा लावून दोन हात पलीकडे फेकला. जमलेलं सगळं मोडलं. चार तासांत असं चोवीस वेळा केलं, तर चोवीस वेळा पहिल्यापासून सुरुवात झाली. शेजारच्याने ती फक्त चार-पाच वेळा केली. दोघांच्या चाऱ्यात फरक शून्य आहे. फरक इतकाच, की एकाला आपल्या चाऱ्याबद्दल शंका आहे आणि शंका हाताला स्वस्थ बसू देत नाही.

दुसरी गोष्ट लक्षाची. रोहूची टोच सिनेमात दाखवतात तशी नसते. मोरपिसाच्या काडीचा फ्लोट, म्हणजे दोरीला बांधलेली पाण्यावर तरंगणारी खूण, एकदम बुडत नाही. पुष्कळदा तो केसभर वर उचलला जातो, कारण माशाने तळावरचा चारा तोंडात घेऊन डोकं वर केलेलं असतं आणि शिशाचा भार फ्लोटवरून उतरलेला असतो. किंवा काडी नुसती कलते आणि पुन्हा सरळ होते. ओढून घेणं आणि फुंकून टाकणं यांच्या मधला हा क्षण. ज्याचं मन ‘आज गांडूळ आणायला हवं होतं का’ यात अडकलंय, त्याचे डोळे फ्लोटवर असतात पण त्याला ते कलणं दिसत नाही. काकाजींना दिसायचं. वाऱ्याने हललेली काडी आणि माशाने हललेली काडी त्यांना वेगळी दिसायची, कारण त्यांच्या मनात दुसरा प्रश्नच शिल्लक नसायचा. चाऱ्याचा प्रश्न त्यांनी घरूनच सोडवून आणलेला असे.

आता मरळीकडे येतो, कारण भरवशाची खरी परीक्षा तिथे होते.

मरळ हवेतला श्वास घेते. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी तिचं अडत नाही. म्हणून जलकुंभी आणि शेवाळाने भरलेल्या, इतर मासे टाळतील अशा पाण्यातही ती सुखाने राहते आणि मधूनमधून वर येऊन हवा घेते. तिची शिकार नजरेवर आणि पाण्याच्या हालचालीवर चालते. माशाच्या दोन्ही अंगांवरून एक रेषा जाते, त्या रेषेतून पाण्यातला लहानसा हेलकावाही त्याला कळतो. म्हणून मरळीसाठी हल्ली रबरी बेडूक वापरतात, ज्याचे दोन गळ पाठीला चिकटलेले असतात आणि शेवाळात अडकत नाहीत.

हा बेडूक टाकायचा कुठे? जिथे टाकायला मन धजत नाही तिथे. दाट पानांच्या मधल्या हातभर मोकळ्या पाण्यात, बुडालेल्या बाभळीच्या काट्यांशेजारी. ज्याचा बेडकावर भरवसा नाही तो मोकळ्या पाण्यात टाकतो, कारण तिथे बेडूक हरवण्याची भीती नाही. तिथे मरळही नाही. भरवसा नसणारा तो भराभर गुंडाळतो. भरवसा असणारा पानावर बेडूक थांबवतो, दोरी सैल सोडतो, जरा हलवतो, पुन्हा थांबवतो. पानाखाली मरळ असेल तर ती याच थांबण्याला येते.

आणि येते तेव्हा पाणी फुटल्यासारखा आवाज होतो. इथे बहुतेकांचा हात लगेच झटका देतो, आणि बेडूक रिकामा उडून अंगावर येतो. मरळीने बेडूक तोंडात घेतलेला असतो, पण तोंड मिटलेलं नसतं. आवाज झाल्यावर क्षणभर थांबायचं, दोरीवर वजन आलं की मगच ओढायचं. तो क्षण फार मोठा वाटतो. छाती धडधडत असते आणि हाताला काही करायचं नसतं. हे फक्त त्यालाच जमतं ज्याला मनापासून वाटतं की मरळ बेडूक सोडणार नाही. ज्याला वाटतं ती आता सोडेल, तोच तिच्या तोंडातून बेडूक ओढून काढतो. भरवसा इथे थेट मासा मिळवून देतो, आणि कसा देतो ते डोळ्यांनी दिसतं.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मरळ पिल्लांची राखण करते. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसतो, त्याखाली आई-बाप असतात आणि ते जवळ येईल त्या वस्तूवर तुटून पडतात. त्या वेळी कुठलाही चारा चालतो. तिथे टाकू नये. आई-बाप गेले की घोळका संध्याकाळपर्यंत इतर माशांच्या पोटात जातो. अशा वेळी लागलेल्या मरळीवरून जो आपल्या बेडकाची थोरवी सांगतो, त्याचं मी ऐकत नाही.

भरवसा कसा तयार होतो, हेही पाहायला हवं. 1948 साली बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आठ कबुतरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ठरावीक वेळाने दाणे आपोआप पडत, कबुतराने काहीही केलं तरी. पण दाणे पडण्याच्या वेळी कबुतर जे करत होतं ते त्याच्या मनात दाण्याशी जोडलं गेलं. एक गोल फिरू लागलं, एक डोकं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात खुपसू लागलं. आठांपैकी सहांनी अशी आपापली रीत धरली. तलावाच्या काठावर बसून हे वाचलेलं आठवतं तेव्हा आजूबाजूची माणसं वेगळी दिसू लागतात. गळ टाकण्याआधी चाऱ्यावर फुंकर मारणारा, एकाच रंगाची टोपी घालणारा, सोमवारी चारा कालवून ठेवणारा. मासा लागणं अनियमित असतं, आणि अनियमित मिळणाऱ्या फळाची सवय सर्वांत चिवट असते.

त्यात एक हिशेब असतो जो आपण कधी करत नाही. ज्या चाऱ्यावर भरवसा, तोच जास्त वेळ पाण्यात. जो जास्त वेळ पाण्यात, त्यालाच जास्त मासे. मग त्या माशांवरून पुन्हा भरवसा वाढतो. दुसऱ्या चाऱ्याला संधी मिळते ती दिवस वाया गेल्यावर, शेवटच्या अर्ध्या तासात, ऊन चढलेलं असताना. आणि त्यालाही काही लागलं नाही की आपण म्हणतो, पाहिलंत, हा काही कामाचा नाही. मी एक वही ठेवतो. त्यात किती मासे हे लिहिण्याआधी कोणता चारा किती वेळ पाण्यात होता हे लिहितो. तासाला किती, असं पाहिलं की नावाजलेल्या चाऱ्यांपैकी बरेच साध्या कणकेच्या शेजारी येऊन बसतात. ज्याला मनापासून शोध घ्यायचा आहे त्याने अशी वही जरूर ठेवावी.

कधी कधी मासा थांबतो तो चाऱ्यामुळे नाहीच. 1938 मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवलं, की लहान माशाच्या कातडीला इजा झाली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि थवा घाबरून पांगतो. हेच फ्रिश पुढे मधमाश्यांच्या अभ्यासासाठी 1973 साली नोबेलचे मानकरी झाले. कार्प, म्हणजे कतला-रोहूसारखे मासे, आणि मिशांचे मासे यांच्या मोठ्या कुळात ही सोय आहे. म्हणजे काठाजवळ एखादा मासा झटापट करून, खरचटून सुटला, आणि नंतर सगळं शांत झालं, तर दोष चाऱ्याला देऊन डबा बदलण्यात अर्थ नाही. आपल्याला कारण दिसत नाही म्हणून जे समोर दिसतं त्यावर आपण ठपका ठेवतो. समोर दिसतो तो चारा.

उलटही घडतं. नेदरलँड्समध्ये ब्यूकेमा या संशोधकाने 1970 मध्ये तळ्यातल्या कार्पवर केलेलं काम सांगतं, की एकदा गळाला लागून सुटलेला कार्प पुढे बराच काळ गळ टाळतो. एकाच अनुभवातून शिकतो. आता शहराजवळच्या ज्या पाण्यावर वर्षानुवर्षं सगळे एकच कणकेचा गोळा टाकतात, तिथल्या सुटलेल्या माशांना काय शिकायला मिळालं असेल? तिथे पिढीजात भरवशाचा चारा हळूहळू मंद होत जातो, आणि टाकणारे म्हणतात, आता मासे राहिले नाहीत. मासे पाण्यातच असतात.

म्हणून भरवसा असावा, पण तो कशावर, हा प्रश्न उरतो. याचं उत्तर मला काकाजींनी बोलून दिलं नाही, करून दाखवलं. आषाढातली सकाळ होती. पहाटे मोठी सर येऊन गेली होती आणि टेकडीकडून तांबडं पाणी तलावात उतरत होतं. काकाजी आले, पाण्याजवळ उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं. आणि तो डबा, वर्षानुवर्षांचा तो डबा, त्यांनी उघडलाच नाही. काठावरचे दगड उलटून गांडुळं गोळा करायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, “नवं पाणी आलं बावा. नव्या पाण्यासंग गांडूयच येते वाहून. मासोई आज तेच खाईन.”

त्या दिवशी मासे चांगले लागले, पण मला आठवतो तो त्यांचा चेहरा. डबा न उघडताना त्यावर जराही अडखळणं नव्हतं. मी त्यांना एकाच चाऱ्याचा माणूस समजत होतो. त्यांचा भरवसा ढेपीवर नव्हता, पाणी वाचण्यावर होता, आणि पाण्याने दुसरं सांगितलं तेव्हा ढेप बाजूला ठेवायला त्यांना काही वाटलं नाही. शंकेने चारा बदलणं आणि समजून चारा बदलणं, काठावरून दोन्ही सारखीच दिसतात. पहिल्यात माणूस बदललेल्या चाऱ्याकडेही संशयानेच पाहतो आणि थोड्या वेळाने तिसरा काढतो. दुसऱ्यात तो नवा चारा लावून पहिल्याइतकाच स्वस्थ बसतो.

ज्यांचं पोट यावर आहे त्यांच्यात मी हे जास्त पाहिलंय. आमच्या भागातले बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तिथे परवानगी घेऊनच बसावं लागतं, आणि घ्यावीच. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, तलावांवर ढीवर समाजाची कित्येक पिढ्यांची मासेमारी आहे. अशाच एका तलावावर मी एका मच्छीमाराला लांब दोरीला ओळीने गळ बांधताना पाहिलं. एका गळाला गांडूळ, पुढच्याला झिंगा, त्याच्या पुढच्याला पुन्हा गांडूळ. दुसऱ्या दिवशी ज्याला जास्त लागलं, तेच सगळ्या गळांना. त्याला चाऱ्याबद्दल अभिमान नव्हता. चुकीच्या चाऱ्याची किंमत घरी चुकवावी लागते, तिथे लाड परवडत नाहीत. आम्हा हौशी लोकांना परवडतात, आणि आमचा बराचसा ठामपणा त्या परवडण्यातून आलेला आहे, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं.

चाऱ्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. 12 व्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ नावाचं गळाने मासे धरण्यावरचं प्रकरण आहे, आणि प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली त्यावर सविस्तर लिहिलं. राजाला मासा हवा होता तो पोटासाठी नव्हे, विनोदासाठी, म्हणजे आमच्यासारखाच. मला त्यात आनंद याचा वाटतो, की एवढ्या जुन्या काळीही हा नुसत्या नशिबाचा खेळ मानला गेला नव्हता, शिकण्याची आणि लिहून ठेवण्याची गोष्ट मानली गेली होती.

आता तरुण मुलं येतात ती मोठमोठे खोके घेऊन. चमचे, म्हणजे माशासारखे चकाकणारे धातूचे चारे, रबरी मासे, बेडूक, चमकणारे किडे, सगळे फोनवर पाहून मागवलेले. मला त्यांचा उत्साह फार आवडतो. काळजी एकाच गोष्टीची वाटते: प्रत्येक वस्तू दुसऱ्या कोणाच्या तरी पाण्यात चाललेली पाहून त्यांनी घेतलेली असते. भरवसा असा उसना घेता येत नाही. परवा बीना संगमाजवळ, जिथे कन्हान, पेंच आणि कोलार एकत्र येतात, एका मुलाने खोका उघडून मला विचारलं, “काका, यातलं काय चालते इथं?” मी त्याला म्हटलं, आधी बाजूला बसून पाहा, मासा कुठे उडतोय, बगळा कुठे उभा आहे, पाणी कुठे वळतंय. खोक्याकडे नंतर येऊ. तो बसला. अर्ध्या तासाने त्याने स्वतःच एक लहान चंदेरी चमचा उचलला आणि सांगितलं, का उचलला ते. बारीक मासे प्रवाहाच्या कडेला चमकत होते, ते त्याने पाहिलं होतं. त्याला काही लागलं नाही त्या संध्याकाळी, पण अंधार पडेपर्यंत त्याने चमचा बदलला नाही आणि एकदाही माझ्याकडे विचारायला वळला नाही. हा मुलगा शिकणार.

नव्या माणसाला मी आता दोनच चारे घेऊन यायला सांगतो, एक आंबवलेला आणि एक जिवंत. पूर्ण पावसाळा आणि पूर्ण हिवाळा तेवढ्यावरच काढायचा. मोकळ्या पाण्यात आणि गढूळ पाण्यात, थंडीत आणि उकाड्यात त्यांचं काय होतं ते स्वतः पाहायचं. माझ्यापुरतं सांगायचं तर आंबवलेल्या ढेपीवर माझा भरवसा आता इतका बसलाय की तोच तपासावासा वाटतो. येत्या हिवाळ्यात खिंडसीवर दोन रॉड शेजारी लावणार आहे. एकावर ढेप, दुसऱ्यावर बिनवासाची साधी कणीक, दोन्ही सारख्या खोलीवर आणि सारखाच वेळ, आणि दर तासाला रॉडांच्या जागा आपसात बदलायच्या. वही सोबत असेलच. ज्यांना यायचंय त्यांनी आपापला डबा घेऊन यावं, तिसऱ्या रॉडला जागा आहे.